शिडाचा कासरा

अमरावती
९ जानेवारी २००६

प्रिय गयास,

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे साऱ्या मोहल्ल्याशी बोलायचं. मी इकडून घसा फोडतो, तू तिकडून "काय? काय?" करतोस, आणि शेवटी हलीमाभाभी फोन घेऊन सांगतात, "याईचे कान गेले भाऊ, तुमी चिठ्ठी टाका." म्हणून ही चिठ्ठी. अकोल्याच्या शाळेत तुझे निबंध मी लिहायचो. आता उत्तर तरी स्वतःच्या हातानं लिही.

आमच्या गौरांगनं काय केलं ते ऐक. जहाजावरची चांगली नोकरी सोडून आला, ते एक असो. येताना मुंबईच्या भंगारवाल्याकडून शिडाची नाव घेऊन आला! सव्वीस फूट लांब. आत चार माणसं झोपतील एवढी खोली, कोपऱ्यात स्टोव्हची जागा. ट्रेलरवर टाकून आणली तेव्हा राजापेठेत सारी वाहतूक तुंबली आणि लोक मला विचारत होते, वकीलसाहेब, समुद्र कधी येणार? शैला दोन दिवस पोराशी बोलली नाही. आता ती नाव मोर्शीकडे धरणाच्या काठावर उभी आहे. त्याचं म्हणणं, सेमाडोहला वाघ पाहायला लोक येतात, ते जाता-येता एक मुक्काम पाण्यावर करतील. मी म्हटलं, लेका, इथं विहिरी आटल्या अन् तू नाव चालवतोस! तर हसतो.

काम दोरांचं आहे, म्हणून तुला लिहितोय. शीड वर चढवायचा एक दोर, वारा वाढला की शीड लहान करायचे दोन, आणि सगळ्यात महत्त्वाचा तो शिडाच्या खालच्या आडव्या दांडीला असतो. तो ओढला की शीड ताठ, सोडला की मोकळं. वादळात तो चटकन सोडता आला पाहिजे, नाहीतर वारा नावेला आडवी करतो. हे सारे दोर कप्प्यांतून फिरवून मागच्या बाकापाशी आणायचे, म्हणजे बसल्या जागेवरून नाव हाकता येते. गौरांगला जोडीला दोरातला माणूस पाहिजे. तुझा शाहनवाज नांदगाव पेठच्या गिरणीतून घरी बसला असं कळलं. त्याला पाठव. राहणं-जेवण आमच्याकडे, आणि धंदा चालला तर भागीदारी.

तुझा
कमलाकांत


अकोला
२१ जानेवारी २००६

कमळ्या,

निबंध तू लिहायचा अन् मार मी खायचो, हे लिहाले विसरला काय?

शाहनवाजले धाडून राहिलो. इथं त्याले काय काम हाये? बैलच राहिले नाई तं कासरे कोन घेईन? धामणगाव रेल्वेचे व्यापारी आधी गाडी भरून दोर न्यायचे, आता पोस्टकार्डाचं उत्तर बी देत नाई. जिनिंगवाल्याईले प्लास्टिक पाहिजे. पीळ द्यायची माही गल्ली, तिच्यात पोट्टे क्रिकेट खेळून राहिले. बाकी गावागावातून कास्तकाराईच्या कशा बातम्या येऊन राहिल्या ते तुले मालूम हाये. त्या मी लिहत नाई.

तू दीड पान लिहून ज्याले समजावलं तो दांडीचा दोर म्हणजे शिडाचा कासरा. एवढंच नं? तो मी स्वतः वळून देतो. नायलॉन लावू नका. ते हात कापते अन् ऐन वखती सटकते. माहा दोर सुताचा, चार लडीचा, त्यातली एक लड हिरवी. हिरवी लड दिसली का बाजारात मानूस म्हणते, हा गयासुद्दीनचा माल. कापसाच्या गाडीवर बोजा आवळला का गाडीवान दोरावर घागरभर पानी ओतते. पानी पेला का दोर असा आवळते, गाडी उलटली तरी बोजा हालत नाई. तुह्या नावेले तं पान्याचीच सोबत. हलीमा त्याले चिंचोक्याची खळ चढवून राहिली, म्हणजे हाताले गुळगुळीत लागन.

तुह्या पोराले माह्याकडून कसम घाल. नाव पान्यात जाईन तं माह्या कासऱ्यावर जाईन. नाई तं मी समजीन का कमळ्यानं बी मले निकामी ठरवलं.

शैलावहिनीले सलाम.

गयास


अमरावती
१७ एप्रिल २००६

प्रिय गयास,

उत्तराला उशीर झाला, पण तुझा पोरगा सांगतच असेल भाभींना दर रविवारी. गुणाचा आहे रे. धरणाकाठचे लोक नाव पाहायला येतात आणि विचारतात, हे कधी सुटते? हा अगदी एस.टी.च्या कंडक्टरसारखं सांगतो, "वारा भरला का सुटते, मागं सरका." रात्री नावेतच झोपतो. पोहायला शिकतोय, पण दम लागतो त्याला. गौरांग चिडवतो की तुझ्यापेक्षा म्हैस बरी पोहते.

तुझा कासरा खांद्यावर टाकून आला तेव्हा नवरदेव वाटत होता. गौरांगनं दोर हातात घेतला, कप्पीत घालून पाहिला आणि म्हणाला, "बाबा, कप्पीच्या मानानं हा जाड आहे. याला काठाला नाव बांधायला ठेवू, इथं नायलॉनचा लावू." मी त्याला चांगला झापला. म्हटलं, गयासनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, एक दोर लाव म्हणतो तर तुझ्या जिवावर येतं? शाहनवाज खाली मान घालून उभा होता. मग म्हणाला, "लावू नं भाऊ. अब्बाले बरं वाटन." लावला.

परवा लख्ख उन्हात आम्ही फिरून आलो. मी बाकावर बसून स्वतः तुझा कासरा ओढला, सोडला. लोण्यासारखा सरकतो! मे महिन्यात पाहुणे येऊ लागतील. पहिल्या फेरीला तू आणि भाभी या.

कमलाकांत


अकोला
९ मे २००६

कमलाकांत,

शाहनवाजले माती देऊन सहा दिवस झाले. तू कब्रस्तानच्या फाटकापाशी उभा होता, मी पाह्यलं. तुह्या पोराचे हात बांधलेले होते, पट्ट्या होत्या, ते बी पाह्यलं. तुमी दोघं काही बोलले असान तं मले ऐकू नाई आलं. लोकं मले बोलत होते, मी निसती मुंडी हालवत होतो.

कोनी म्हणते वावधन आलं, वारं पिसाळलं. कोनी म्हणते नाव उलटली. मले लिहून सांग काय झालं. तू वकील हायेस, नीट लिहता येते तुले.

गयासुद्दीन


अमरावती
१३ मे २००६

गयास,

चार कागद फाडले, हा पाचवा.

दुपारी दोघं नाव घेऊन आत गेले होते. अवकाळी पाऊस आला, त्याच्या पाठोपाठ वावधन. गौरांगच्या हातून कासरा सुटला. शीड एकदम फिरलं, नाव कलली आणि त्या धक्क्यानं शाहनवाज पाण्यात पडला. गौरांगनं उडी घेतली, पण तो सापडला तेव्हा फार उशीर झाला होता.

चूक गौरांगच्या हाताची आहे. मी त्याचा बाप म्हणून तुझे पाय धरतो. शैला रोज भाभींचं नाव काढून रडते. तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं येऊ ते सांग, मी येतो.

कमलाकांत


अकोला
१९ मे २००६

कमलाकांत,

कासरा सुटला म्हणतोस. माहा दोर पानी पेल्यावर सुटत नाई. माह्या बापाचा सुटला नाई, माहा सुटला नाई. तं मले एकच गोष्ट सांग. त्या दिवशी नावेले माहा दोर होता, का तुह्या पोरानं मागून बदलून नायलॉन लावला?

माहा दोर असता तं माहं पोट्टं आज घरी असतं. खरं लिही.

गयासुद्दीन


अमरावती
२४ मे २००६

गयास,

तुझा दोर नव्हता. आदल्या दिवशी गौरांगनं तो काढला आणि नायलॉनचा लावला. शाहनवाजनं नको म्हटलं होतं. गौरांगनं ऐकलं नाही.

कमलाकांत


अकोला
३ जून २००६

वकीलसाहेब,

मी पोलिसात तक्रार देल्ली. तुमच्या पोरानं हलगर्जीपना करून माहा पोरगा मारला, असं लिहून देल्लं. पुढं जे होईन ते कोर्टात. मले यापुढं चिठ्ठी टाकू नका. हलीमा तुमचं नाव घरात घेऊ देत नाई.

गयासुद्दीन शेख


अमरावती
२२ ऑगस्ट २००६

गयास,

टाकू नको म्हटलंस तरी टाकतोय, कारण हे तुला कोर्टाच्या आधी माझ्याकडून कळावं. केस उभी राहिली आहे. गौरांगच्या बाजूनं मी उभा राहणार नाही, दुसरा वकील दिला आहे. तू जे लिहून दिलंस त्याला गौरांग उलट उत्तर देणार नाही. नाव विकली. तो दिवसभर घरात बसून असतो. तुझ्या कानाला ऐकू येणार नाही, तेव्हा साक्षीच्या दिवशी मिस्बाहला सोबत आण. शाहनवाजची बहीण आहे, तिला प्रश्न नीट सांगता येतील.

भाभींची तब्येत कशी आहे, एवढं तरी कळव.

कमलाकांत


अकोला
२ नोव्हेंबर २००६

कमळ्या,

ईद झाली. पोराबिगर झाली.

लिहाचं नव्हतं, पन लिहल्याबिगर झोप येत नाई. परवा एका मानसानं बकरीसाठी दोरी मागतली. मले वळायची इच्छा नव्हती, तरी बसलो. वळून झाल्यावर हात धुवाले गेलो तं नखात हिरवा धागा. माह्या नखात तो जन्मभर हाये, मी कवा पाह्यतच नाई. त्या दिवशी पाह्यला अन् तिथंच मोरीत बसलो.

शाहनवाजले शेवटची आंघोळ मी घातली. एकेक बोट मी धुतलं. त्याच्या नखात हिरवा धागा होता, कमळ्या. आठी बोटाईत होता. तवा मले वाटलं, माहं पोट्टं हाये, आमच्या घरात साऱ्याईच्या नखात असते. पन तो तं तीन महिने तुमच्याकडं होता, दोर वळत नव्हता. अन् नायलॉनले झोंबला असता तं तळवे चिरले असते. त्याचे तळवे साबूत होते.

मंग मी दोराचा तुकडा घेतला, विहिरीवरच्या लहान कप्पीत घातला अन् वरून घागरभर पानी ओतलं. जसं गाडीवान ओतते तसं. थोड्या वेळानं ओढून पाह्यला. माह्या दोन्ही हातानं हालला नाई. मिस्बाहले बोलावलं, दोघायनं ओढला. नाई.

कासरा सुटला नाई त्या दिवशी. तो सुटूनच नाई राहिला. हो का नाई, एवढंच लिही. आता लबाडी केली तं मी मेलेल्या पोराची कसम घालीन.

गयास


अमरावती
७ नोव्हेंबर २००६

गयास,

हो.

पाऊस आला आणि तुझा दोर पाणी प्यायला. कप्पीत फुगून बसला. वावधन आलं तेव्हा गौरांग ओरडला, "सोड, सोड!" शाहनवाज म्हणाला, "सुटत नाई भाऊ!" दोघंही त्या कप्पीला झोंबले. शीड ताठच राहिलं, नाव आडवी झाली आणि शाहनवाज शिडाच्या खाली सापडला. गौरांगनं चाकूनं दोर कापला, त्यात स्वतःचे हात कापून घेतले. तू पट्ट्या पाहिल्यास त्या त्याच्या. पण ओल्या दोराला चाकू लवकर लागत नाही रे.

पोलीस यायच्या आधी तो दोर कप्पीसकट मी उचलला. माझ्या कपाटात आहे. उभी हयात वकिली केली, पुरावा लपवला तो हा पहिला. गौरांगचा वकील म्हणतो, एवढी एक वस्तू कोर्टापुढे ठेवा, पोरगा सुटतो. मी दोनदा कपाट उघडलं, खोटं कशाला बोलू. बाप आहे मी. दोन्ही वेळा गौरांगनं ते बंद केलं. म्हणाला, "चाचा त्या दोरावर जगतात. मला शिक्षा झाली तर मी परत येईन. त्यांना हे कळलं तर ते कुठून परत येतील?"

आणि तो दोर लावायला मी भाग पाडलं. गौरांगला नको होता. तुझं मन मोडू नये म्हणून मी त्याला झापला, ते मी तुला मोठ्या ऐटीत लिहूनही कळवलं होतं. तेव्हा एकट्यानं सारं स्वतःवर घेऊ नकोस. माझा हिस्सा मला दे. कापलेल्या दोराचा एक तुकडा सोबत पाठवतो, त्याचं काय करायचं ते तू ठरव.

कमलाकांत


अकोला
३० नोव्हेंबर २००६

कमळ्या,

साक्ष झाली. तू बाहेर बाकावर बसून होता, आत आला नाई, म्हणून लिहतो. साहेबानं इचारलं, दोर कोनाचा? मी म्हटलं, माहा. त्याईनं पुन्हा इचारलं. मले वाटलं त्याईले बी ऐकू नाई आलं, तं मी जोरात सांगितलं, माहा दोर, मीच वळला, मीच लावाले लावला, अन् ते पोरगं त्याले कापत होतं, सोडवत होतं. तू पाठवलेला तुकडा साहेबाच्या टेबलावर ठेवला. हिरवी लड दाखवली. साऱ्याईनं पाह्यली.

गौरांग तिथं रडला. मी नाई रडलो. त्याच्या हाताले हात लावला, चट्टे हायेत अजून. वकील म्हणे, सुटला समजा.

गल्लीतली चरखी उखडली. माह्याच्यानं आता वळनं होत नाई.

आता तुले अन् गौरांगले एक हात जोडून सांगतो. हलीमाले यातलं काही कळू देऊ नका. ती रोज सकाळी चुलीपाशी बसून गौरांगले शिव्या देते. इतक्या जोरात देते का मले बी ऐकू येतात. देऊ द्या तिले. कोनावर तरी राग काढून ती उभी हाये. खरं कळलं तं राग माह्यावर येईन, मंग ती याच घरात राहीन कशी, मले भाकर वाढीन कशी? मिस्बाहले मी गप केलं. कोर्टानं असंच सोडून देल्लं, असं घरी सांगितलं. गौरांगले म्हण, बेटा, एवढं ओझं अजून घे. तुह्या चाचाकडं द्याले दुसरं काही नाई.

गयास


अकोला
१९ डिसेंबर २००६

कमलाकांतभाऊंना हलीमाबीचा सलाम.

मी मराठी चौथी शिकली, चुकभूल माफ करा. हे बाजारात गेले तवा लिहून राहिली.

मिस्बाहनं मले काही सांगितलं नाई. सांगायची गरज नव्हती. मले पहिल्या दिवसापासून मालूम हाये.

शाहनवाज गेला त्याच्या आधीच्या इतवारी त्याचा फोन आला होता. म्हणे, अम्मी, काल जरासा पाऊस आला अन् अब्बाचा दोर कप्पीत अडकला. खळ अशी चिकट झाली जशी लेई. गौरांगभाऊ म्हणते, बदलू. बदलू काय? अब्बाले सांगशील काय? मी म्हटलं, नोको बेटा, बदलू नोको. तुह्या अब्बाचं आता एवढंच राह्यलं. दुकानात कोनी येत नाई, गल्लीत पोट्टे खेळतात, पन रोज संध्याकाळी साऱ्याईले सांगतात, माहा कासरा नावेवर हाये. तू बदलला तं त्याईचं कसं व्हईन? उन्हात वाळव, चांगला होईन. तो म्हणे, बरं अम्मी. त्यानं माहं ऐकलं. लहानपनापासून ऐकत होता. गौरांगले बी त्यानंच थांबवलं असन.

भाऊ, खळ मीच चढवली होती अन् बदलू नोको बी मीच म्हटलं. याईनं तं न जानता केलं. मले माह्या पोरानं फोनवर सांगितलं होतं.

तुमच्या गौरांगले मी शिव्या देते, मोठ्यानं देते, याईचे कान गेले म्हणून. याईले वाटावं का हलीमाले काही मालूम नाई, तिचा राग दुसरीकडं हाये. याईनं कोर्टात जाऊन सारं आपल्या अंगावर घेतलं, हे मी शेजारनीकडून ऐकलं. घरी येऊन म्हणे, असंच सोडलं. मी म्हटलं, कोर्टाचं काय, आंधळंच हाये. मंग दोघं जेवलो.

तुमी त्याईचं मन राखलं, शाहनवाजनं राखलं, मी राखलं. पोराले कोनी नाई राखलं. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरते अन् तरी मी पुन्हा तेच करून राहिली. पोरानं इचारलं होतं अन् मी नोको म्हटलं, तेही याईच्या मनासाठी, हे याईले कळलं तं हे जगनार नाई. तुमी कधी सांगू नका.

गौरांगले म्हणा, चाची जे बोलते ते त्याच्यासाठी नाई. त्याच्या आईले म्हणा, त्याले समोर बसवून जेवू घालत जा.

ही चिठ्ठी वाचून चुलीत टाका, घरात ठेवू नका. हे तुमच्याकडं येनार हायेत पुढच्या महिन्यात. कान गेले याईचे, पन डोळे चांगले हायेत.

हलीमाबी